वनहक्काची ग्रामसभा : एका वर्षाचे काम आणि पुढील वर्षाची योजना

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेले चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यातील प्रमुख वनजिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याच्या वाट्यास १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्र आले. त्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार एवढ्या विस्तीर्ण जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार होती. गावे लहान, एकमेकांपासून दूर आणि शेती बव्हंशी पावसावर अवलंबून. खरीपाचे धान घरात आल्यानंतर पुढील पावसापर्यंतचे सात-आठ महिने येथील कुटुंबास जंगलच आधार देते. म्हणूनच या भागात ग्रामविकासाचा विचार शेताच्या बांधापाशी थांबू शकत नाही.

ग्रामविकासासाठी स्वातंत्र्यानंतर अनेक यंत्रणा उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यान्वित झाल्या. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आदिवासी उपयोजना आली. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातील सर्व विकास गटांत लागू झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा काम करू लागल्या. केंद्र शासनाने या यंत्रणांसाठीची स्वतंत्र योजना १ एप्रिल २०२२ पासून बंद केली. या सर्व यंत्रणांनी आपापल्या परीने काम केले. परंतु योजना वर आखावयाची व गावाने तिचा लाभार्थी व्हावयाचे, हा क्रम कायम राहिला.

गेल्या काही वर्षांत या वनजिल्ह्यांत हा क्रम उलटा होऊ लागला आहे. सामूहिक वनहक्क प्राप्त झालेली ग्रामसभा स्वतःच विकासाची यंत्रणा म्हणून पुढे आली आहे. तिच्याजवळ जंगल आहे, उत्पन्न आहे आणि निर्णयाचा कायदेशीर अधिकारही आहे. अशी ग्रामसभा वर्षभर काय करते, पुढील वर्षाची योजना कशी आखते आणि तिच्यापुढे कोणत्या अडचणी आहेत, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

हक्क कसा मिळाला

या भागातील जंगलाचा वापर गावकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. मालगुजारी व जमीनदारीच्या काळात घरासाठी लाकूड, जळण, चराई आणि रानातील फळे-फुले यांचा वापर 'निस्तार' या नावाने ओळखला जाई. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली आणि त्यांच्या ताब्यातील जंगले शासनाकडे आली. निस्तार कागदावर राहिला. व्यवस्थापनात मात्र गावास स्थान राहिले नाही. महाराष्ट्रात १९६९ च्या वनोपज व्यापार विनियमन कायद्याने तेंदूपानांच्या व्यापाराचे नियंत्रण शासनाकडे आले. बांबू कागद उद्योगाकडे जाऊ लागला. आपल्याच शिवारातील जंगलात गावकरी मजूर झाला.

१९९६ मध्ये संसदेने पंचायत उपबंध अनुसूचित क्षेत्रांपर्यंत वाढविणारा कायदा केला. सर्वत्र 'पेसा' या नावाने परिचित असलेल्या या कायद्याने पाड्याच्या व वस्तीच्या ग्रामसभेस मान्यता दिली आणि गौण वनोपजावर तिची मालकी सांगितली. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ मध्ये आले. दरम्यान २००६ मध्ये अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा झाला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. या कायद्यात वैयक्तिक शेतजमिनीच्या हक्काबरोबरच गावाच्या पारंपरिक सीमेतील संपूर्ण वनाचे संरक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क आहे. गावाच्या दृष्टीने हा दुसरा हक्क अधिक दूरगामी होय.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास २००९ मध्ये १,८०९ हेक्टर वनावर असा सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा अगदी पहिल्या गावांमध्ये मेंढ्याची गणना होते. हे एकाएकी घडले नाही. श्री. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून १९८० च्या दशकापासून तेथे अभ्यासगट चालत होते. बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत गावाने स्वीकारली होती. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

तथापि हक्कपत्र हाती आल्यावरही बांबू विकता येईना; कारण वाहतूक परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न सुटला नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन राज्यमंत्री श्री. जयराम रमेश आणि तत्कालीन मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेकडे सुपूर्द झाले. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात ग्रामसभेने एक कोटी रुपयांहून अधिक किमतीचा बांबू विकला. सप्टेंबर २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ग्रामसभेच्या समितीने परवाना द्यावा, असे स्पष्ट झाले. हक्क मान्य होणे आणि तो वापरता येणे यांत केवढे अंतर असते, हे या दोन वर्षांनी दाखवून दिले. आज गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. हे अंतर कापण्याचे काम आता त्या प्रत्येक गावापुढे आहे.

वर्षाचे चक्र

शासकीय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. ग्रामसभेचे कामाचे वर्ष मात्र झाडांच्या पानगळीबरोबर सुरू होते, असे म्हणता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूच्या झुडपांची खुटकटाई होते. झुडूप वेळेवर छाटल्यास दीड-दोन महिन्यांत कोवळी, रुंद पाने फुटतात. याच सुमारास ग्रामसभेस एक महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागतो : पानांचा लिलाव स्वतः करावयाचा, की ते काम वन विभागाकडे सोपवावयाचे?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. पहाटे फुले वेचण्यास जमीन स्वच्छ असावी म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्याची प्रथा आहे. वणव्याचे हे एक प्रमुख कारण होय. पाला पेटविण्याऐवजी तो झाडून बाजूला करणे अथवा झाडाखाली जाळी अंथरणे हे साधे उपाय आहेत. पाल्याविषयीचा ठराव व फायर लाइनची साफसफाई ही कामे उन्हाळा चढण्यापूर्वीच उरकावी लागतात.

एप्रिलच्या अखेरीपासून मेपर्यंत तेंदूपानांचा हंगाम चालतो. पहाटे रानात जाऊन पाने तोडावयाची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे व सायंकाळी फळीवर जमा करावयाचे, असा दिनक्रम असतो. एक हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी होते. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पाने येतात. समजा, एका कुटुंबाने दिवसात दीडशे पुडे आणले, तर त्या कुटुंबाने साडेदहा हजार पाने तोडली, जुळविली आणि बांधली असा त्याचा अर्थ. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. एवढ्या अवधीत मिळणारी रोख रक्कम खरिपाच्या बियाण्यास, मुलांच्या वह्या-पुस्तकांस आणि आजारपणास पुरवावी लागते.

पावसाळा हा बांबूच्या विश्रांतीचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये रांजीतून नवे कोंब वर येतात. 'वास्ते' म्हणून ते भाजीसाठीही काढले जातात. किती काढावयाचे, याचाही निर्णय ग्रामसभेने घ्यावयास हवा. कारण आजचा कोंब हाच तीन वर्षांनंतरचा बांबू होय. याच काळात रोपलागवड होते. उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामांतून काढलेले चर व बांधलेले बंधारे पाणी धरतात की नाही, हेही याच वेळी पाहावयास मिळते.

ऑक्टोबरपासून बांबूतोड सुरू होते. येथील जंगलातील मुख्य बांबू म्हणजे मानवेल. त्याचे शास्त्र गावकऱ्यांना ठाऊक असते. ते पाळण्यास सवड मिळते की नाही, हाच प्रश्न असतो. नवा बांबू रांजीच्या बाहेरच्या बाजूस फुटतो, पक्का बांबू आत राहतो. बाहेरचा बांबू तोडणे सोपे, आतला तोडणे कष्टाचे. घाईने काम करणारा मजूर बाहेरचा कोवळा बांबू तोडतो. आत दाटी होते व रांजी खालावते. म्हणून चालू वर्षाचा व मागील वर्षाचा बांबू राखावयाचा, पक्का तेवढाच काढावयाचा, जमिनीलगतच्या पेरावर स्वच्छ छाट द्यावयाची आणि एकदा तोड झालेल्या भागाकडे तीन-चार वर्षे वळावयाचे नाही, हे नियम पाळावे लागतात. ज्या गावात तोडणारा व मालक एकच असतो, तेथे हे नियम पाळले जाण्याची शक्यता अधिक असते.

हिशेब हाच पाया

ग्रामसभेच्या उत्पन्नाचे दोन भाग असतात. तोडणाऱ्यास मिळणारी मजुरी हा एक आणि मालक या नात्याने ग्रामसभेस मिळणारे स्वामित्वमूल्य हा दुसरा. ठेकेदारीच्या काळात गावास पहिल्याच भागाची ओळख होती. दुसरा भाग आता गावाच्या खात्यात येतो आणि खरी परीक्षा तेथून सुरू होते. ही रक्कम सर्व घरांत वाटून टाकावयाची, की काही भाग जंगलाच्या राखणीस, काही गावाच्या सार्वजनिक कामास व काही शिलकीस ठेवावयाचा?

शिलकीचे महत्त्व २०१७ व २०१८ या दोन हंगामांनी पटवून दिले. २०१७ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात तेंदूपानांस विक्रमी भाव मिळाला. त्याच वर्षी जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि तेंदूपानांवर १८ टक्के कर आला. पुढील वर्षी भाव कोसळले. काही ठिकाणी ठेकेदारांकडून येणे असलेल्या रकमा अडकून पडल्या. ज्या ग्रामसभांनी लिलावापूर्वी अनामत घेतली होती, करारनामा नीट केला होता आणि आदल्या वर्षीची शिल्लक राखली होती, त्यांची स्थिती साहजिकच सुरक्षित राहिली. भाव गावाच्या हातात नसतो. करारनामा व शिल्लक मात्र असते.

याकरिता ग्रामसभेने ठेवावयाची कागदपत्रे फार नाहीत. सभेच्या कार्यवृत्ताची नोंदवही, फळीवरील दैनिक आवक, मजुरीवाटपाचा पट, रोकडवही, बँकेचे पासबुक आणि वाहतूक परवान्यांची स्थळप्रत एवढी जरी चोख असली, तरी पुरे. या नोंदी केवळ लिहून भागत नाही. सभेत त्या मोठ्याने वाचल्या गेल्या पाहिजेत. येथील पुष्कळ गावांत बोलणे गोंडी किंवा माडियामध्ये चालते आणि लिहिणे मराठीत होते. नोंदवहीत काय लिहिले आहे, हे गावाच्या भाषेत सांगितले गेले नाही, तर गाव अखेरीस लिहिणाऱ्या एक-दोघांच्या स्वाधीन होते. सामूहिक हक्कास बाहेरच्या ठेकेदाराइतकाच धोका गावातील अशा मक्तेदारीचाही असतो.

पाचगावचा वेगळा निर्णय

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावास २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. या ग्रामसभेने तेंदूपानांचे संकलन बंद करण्याचा निर्णय घेतला. तेंदूसाठी होणारी छाटणी व लावली जाणारी आग यांमुळे जंगलाची हानी होते आणि तेंदूची फळेही हाती येत नाहीत, असा गावाचा विचार होता. उत्पन्नासाठी गावाने बांबूवर भर दिला आणि जंगलाचा एक भाग कोणतीही तोड न करता राखून ठेवला. ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांनी या प्रयोगाची आवर्जून दखल घेतली होती.

प्रत्येक गावाने तेंदू बंद करावा, असा याचा अर्थ नव्हे. जेथे बांबू नाही, तेथे तेंदूवाचून वर्ष निघत नाही. पाचगावचे उदाहरण महत्त्वाचे आहे ते वेगळ्या कारणासाठी. हाती येणारी रोख रक्कम सोडण्याचा निर्णय एखादे गरीब गाव घेते, तेव्हा आपण या जंगलात पुढील पिढीपर्यंत राहणार आहोत, असा विश्वास त्यामागे असतो. हक्कपत्राने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हा विश्वासच होय. मेंढ्याने २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याखाली गावातील शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही हीच धारणा दिसते.

पुढील वर्षाची योजना

वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेने आपल्यातून समिती निवडून वनाच्या संरक्षण-व्यवस्थापनाचा आराखडा करावयाचा असतो. चांगला आराखडा जाडजूड असण्याची आवश्यकता नाही. शिवारफेरी करून जंगलाचे भाग पाडावेत. कोणत्या भागात बांबू आहे, कोठे मोह-चारोळी आहे, कोठे झरे आहेत, कोणता भाग उजाड आहे, हे नकाशावर दाखवावे. आणि मग प्रत्येक भागास वर्ष नेमून द्यावे. रांज्या मोजून त्यातील पक्क्या बांबूचा अंदाज काढावा. तोडीचा आकडा या मोजणीतून यावा. यंदा गावास किती पैसा हवा, यावरून तो ठरविला, तर चार-पाच वर्षांत जंगल व पैसा दोन्ही संपतात.

बांबूच्या बाबतीत आणखी एक दूरदृष्टी लागते. मानवेल अनेक दशकांनी एकदा फुलतो आणि फुलल्यानंतर मरतो. त्या वर्षी पडलेल्या बियांतून नवे रान उभे राहते. मात्र ते रोप चराईपासून व आगीपासून काही वर्षे जपावे लागते. त्या अवधीत बांबूचे उत्पन्न थांबते. म्हणून बांबूवर सर्वस्वी विसंबून असलेल्या ग्रामसभेने मध, हिरडा, बेहडा, चारोळी, लाख यांसारख्या अन्य वनोपजांकडेही वेळीच लक्ष द्यावे.

आराखड्यातील मृद्संधारण, रोपवाटिका, तळी, गोदाम यांसारख्या कामांसाठी निरनिराळ्या विभागांच्या योजनांची सांगड घालता येते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अभिसरण समितीची व्यवस्था आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम थेट देण्याचा निर्णयही राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला. एकेकटे लहान गाव बाजारात दुबळे ठरते, हे ओळखून कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली. अनेक गावांचा माल एकत्रित विकला गेल्यास भाव ठरविताना गावाच्या शब्दास वजन येते.

अडचणींची जाणीव

जंगलात काम करणे दिवसेंदिवस जोखमीचे होत आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या वनांतही वाघांची संख्या वाढली आहे. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. गटाने जाणे, उजाडल्यावरच रानात शिरणे, वाघाचा वावर आढळलेला भाग काही दिवस वगळणे आणि वन विभागाशी दररोज संपर्क ठेवणे, या बाबी यापुढे हंगामाच्या नियोजनाचाच भाग मानल्या पाहिजेत. कुटुंबाचा चरितार्थ आणि कुटुंबातील माणसाचा जीव यांत निवड करण्याची पाळी कोणावर येऊ नये.

पाने तोडणाऱ्या व फुले वेचणाऱ्या बहुसंख्येने स्त्रिया असतात. वनहक्कविषयक ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी किमान एक-तृतीयांश स्त्रियांची उपस्थिती नियमाने आवश्यक आहे. परंतु उपस्थिती म्हणजे सहभाग नव्हे. सभा रात्री उशिरा, दूरच्या ठिकाणी घेतली, तर स्त्रिया येणार नाहीत. मजुरीची रक्कम कोणाच्या खात्यात जमा होते, हेही पाहिले पाहिजे.

प्रत्येकाचा वाटा

अशा वेळी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांची भूमिका कोणती? वन, महसूल व आदिवासी विकास विभागांच्या अधिकाऱ्यांनी ग्रामसभेकडे जबाबदार व्यवस्थापक म्हणून पाहावे. मोजणीचे तंत्र, बाजारभावाची माहिती, नमुना करारनामा आणि सीमांकित नकाशा या चार गोष्टी वेळेवर पुरविल्या, तर पुष्कळ काम होते. उशिरा मिळालेला परवाना हा अनेकदा नाकारलेल्या परवान्यासारखाच ठरतो. कारण तेंदूचे पान वाट पाहत नाही.

शिक्षकांनी गणिताच्या तासाला फळीचा हिशेब आणि भूगोलाच्या तासाला गावाच्या जंगलाचा नकाशा घेतला, तर दहा वर्षांनी ग्रामसभेस बाहेरून लिहिणारा आणावा लागणार नाही. गावातील शिकलेल्या मुला-मुलींनी नोंदवही लिहावी व वडीलधाऱ्यांनी जंगलाचे ज्ञान द्यावे, अशी देवाणघेवाण शाळेच्या मदतीने सहज होऊ शकते.

पंचायत सदस्यांनी ग्रामपंचायत व ग्रामसभा यांतील फरक ध्यानी घ्यावा. मेंढा हे लेखा गट-ग्रामपंचायतीतील एक गाव होते. पण तेव्हाही मेंढ्याच्या जंगलाचा निर्णय मेंढ्याचीच ग्रामसभा घेत असे. यात पंचायतीचा अधिकार कमी होत नाही. रस्ता, पाणी, दिवाबत्ती, शाळा ही तिची क्षेत्रे आहेतच. ग्रामसभा सक्षम झाल्यास तिचा भार हलकाच होईल.

वर्षअखेरीस प्रत्येक ग्रामसभेने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. यंदा जंगलातून जेवढे काढले, तेवढे पुन्हा उगवेल काय? आलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब गावातील शेवटच्या घरास ठाऊक आहे काय? आणि ज्यांनी कष्ट केले, त्यांना मोबदला वेळेवर मिळाला काय? या प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत लिहिली गेली, की पुढील वर्षाची योजना करण्यास त्याच पानापासून आरंभ करता येईल.